रिकामा ट्रेलर, ओला रस्ता

रिकामा ट्रेलर भरलेल्या ट्रेलरपेक्षा लवकर घसरतो. ट्रकच्या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे उलटं वाटतं. मागे तीस टनांचा बोजा असला की धोका जास्त, असा आपला साधा हिशेब असतो आणि लांब उतारावर तो खराही ठरतो. पण उरणच्या न्हावा-शेवा बंदराकडे किंवा पळस्पे फाट्याकडे जूनच्या पहिल्या सरीत निघालेल्या ड्रायव्हरला विचारा. रिकामा डबा घेऊन जाताना त्याचा पाय ब्रेकवर जास्त जपून पडतो.

४० फुटी रिकामा कंटेनर साधारण चार टनांचा. भरल्यावर तोच तीस टनांपर्यंत जातो. तो वाहणाऱ्या ट्रॉलीचे ब्रेक त्या भरलेल्या वजनाला आवरतील एवढ्या ताकदीचे असावे लागतात. डबा रिकामा असला की तीच ताकद जेमतेम रस्त्याला टेकलेल्या चाकांवर येते आणि चाकं जागच्या जागी जाम होतात. वजनानुसार ब्रेकची हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो बसवलेला हवा आणि चालू स्थितीत हवा.

चाक जाम झालं की नेमकं काय बिघडतं, हे कळलं तर पुढचं सगळं कळतं. फिरणारं चाक पुढे सहज जातं, पण आडवं सरकायला विरोध करतं. गाडी सरळ रेषेत राहते ती या विरोधामुळे. जाम झालेल्या चाकाला पुढचं, मागचं, आडवं असं काही उरत नाही, जिकडे ढकललं जाईल तिकडे ते सरकतं. आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून कडेकडे उतरता असतोच. वळणावर तर ट्रॉली बाहेर फेकणारा जोर आधीच तयार असतो.

आता जोडणी पाहा. पुढे इंजिन आणि केबिन, म्हणजे ज्याला ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात तो. मागे ट्रॉली. ट्रॉलीच्या पोटाखालचा किंगपिन घोड्याच्या टर्नटेबलमध्ये अडकतो आणि तिथे मोकळा फिरतो. तो मोकळा फिरला नाही तर एवढी लांब गाडी फाट्यावर वळणारच नाही. पण मागची चाकं जाम झाली की त्याच सांध्याभोवती ट्रॉली बाजूच्या लेनमध्ये फेकली जाते. घोडा मात्र सरळ चाललेला असतो. केबिनमध्ये बसलेल्याला सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि सगळ्यात घातक गोष्ट तीच. धक्का बसत नाही, स्टिअरिंग ओढत नाही. ट्रॉली सरळ रेषा सोडतेय हे फक्त आरशात दिसतं.

म्हणून जोरात ब्रेक दाबला की लगेच आरसा, ही सवय पहिली. दुसरी गोष्ट ऐकायला सोपी आणि करायला फार अवघड: ट्रॉली फेकली जाताना दिसली की ब्रेकवरचा पाय उचलायचा. समोर गाडी उभी आहे, शरीराचा कणन् कण ‘दाब’ म्हणतोय, आणि अशा वेळी पाय सोडायचा. पण तसं केल्याशिवाय मागची चाकं फिरायला लागत नाहीत, आणि ती फिरल्याशिवाय ट्रॉली घोड्यामागे येत नाही. चाकं पुन्हा रस्ता धरू लागली की ट्रॉली बहुतेक वेळा आपोआप सरळ होते. मग पुन्हा ब्रेक, या वेळी हलका. स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. घोडा ज्या रेषेत आहे त्याच रेषेत धरून ठेवायचा.

इथे एक चुकीची समजूत जीव घेते. अनेक घोड्यांत फक्त ट्रॉलीचे ब्रेक लावणारा हाताचा दांडा असतो. ट्रॉली घसरली की तो ओढायचा, म्हणजे मागून ताण बसून गाडी सरळ होते, असं काही जण सांगतात. चाकं जाम झाल्यामुळेच ट्रॉली घसरली आहे. दांडा ओढून ती आणखी जाम होतात. अमेरिकेत अवजड वाहनाचा परवाना काढणाऱ्यांच्या अभ्यासपुस्तिकेतही दांडा न ओढण्याची सूचना स्पष्ट दिलेली असते. आपल्याकडे तिची जास्त गरज आहे, कारण इथे बहुतेक ड्रायव्हर उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून शिकतात. उस्तादाचं शहाणपण जसं पुढे जातं, तशी त्याची चुकीची समजूतही जाते.

घसरणीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो याहून भयंकर. त्यात ट्रॉलीची नाही, घोड्याची मागची चाकं जाम होतात. घोडा थांबू पाहतो, ट्रॉली मागून ढकलत राहते, आणि खिशातला चाकू मिटावा तशी गाडीची मधल्या सांध्यावर घडी होते. एका मर्यादेपलीकडे कोन गेला की कोणाच्याच हातात काही राहत नाही. इथे एक्झॉस्ट ब्रेकचा संबंध येतो. तो इंजिनमधून फक्त घोड्याच्या ओढणाऱ्या चाकांवर काम करतो. भरलेल्या गाडीला बोरघाट उतरताना हा मोठा आधार, ब्रेकचे ड्रम तापत नाहीत. पण मागे रिकामा डबा आणि रस्ता ओला असेल तर तोच ती चाकं घसरवू शकतो. पाऊस सुरू झाला की त्याचा वापर आवरायचा. घोडा सुटल्यासारखा वाटला तर ब्रेक सोडायचा, एक्झॉस्ट ब्रेक बंद करायचा, क्लच दाबायचा. मग चाकं पुन्हा मोकळी फिरू लागतात.

चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा यावरचं खरं औषध. अमेरिकेत १ मार्च १९९७ पासून बनलेल्या घोड्यांना आणि १ मार्च १९९८ पासून बनलेल्या ट्रॉल्यांना ती सक्तीची झाली. भारतातही आता नव्या अवजड गाड्या ती घेऊन येतात. पण रस्त्यावर जुन्या ट्रॉल्या पुष्कळ आहेत. शिवाय घोडा आणि ट्रॉली यांच्यामधली केबल जोडली नाही किंवा तुटली, तर पुढे एबीएस असूनही ट्रॉलीला ते मिळेलच असं नाही. यार्डात घोडा एका ट्रॉलीला सोडून दुसरीला जोडताना हवेचे दोन पाइप कोणी विसरत नाही, कारण हवेशिवाय ट्रॉलीचे ब्रेक सुटतच नाहीत. केबल विसरली तरी गाडी निघते.

ट्रॉलीकडे दुर्लक्ष होण्यामागे पैशाचं कारण आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. चांगले टायर घोड्याला, उरलेले ट्रॉलीला, अशी वाटणी सर्रास होते. ब्रेकचं सेटिंग सगळ्या चाकांना सारखं केलेलं नसतं, मग एक चाक आधी जाम होतं आणि बाकीची मागून. हे सगळं ड्रायव्हर निघण्याआधी ठरलेलं असतं, आणि अपघातानंतर कागदावर नाव येतं ते ड्रायव्हरचं.

गाडीवाल्यांचाही यात वाटा आहे, म्हणजे तुमचा-माझा. एक्स्प्रेस-वेवर ट्रेलरच्या पुढे मोकळी जागा दिसली की आपण तिथे घुसतो आणि पुढे रांग दिसताच ब्रेक मारतो. ती जागा ड्रायव्हरने मुद्दाम राखलेली असते. ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, आणि हवेचे ब्रेक लागायला पाय दाबल्यानंतरही क्षणभर लागतो. आपण ती जागा खाल्ली की त्याच्यापुढे जोरात ब्रेक मारण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. वळणावर ट्रॉलीच्या बाजूने समांतर चालणं तर पावसात टाळावंच. ट्रॉली जिथे फेकली जाते, नेमकी तीच जागा ती.

हे वाचून मात्र कोणाचा पाय ब्रेकवरून सुटणार नाही. तो सरावानेच सुटतो. स्वीडनमध्ये साधी मोटार चालवायचा परवाना हवा असला तरी निसरड्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ट्रेलरचाही असा सराव करता येतो: सपाट गुळगुळीत पट्टा, त्यावर सोडलेलं पाणी, रिकामी ट्रॉली, वेग कमी, आणि घोडा-ट्रॉलीमध्ये साखळी, म्हणजे कोन वाढला तरी गाडीची पुरती घडी होत नाही. १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा-शेवा बंदरावर देशभरातले ड्रायव्हर रोज येतात आणि गेटबाहेरच्या रांगेत तासन्तास थांबतात. बंदर प्रशासन, वाहतूकदार आणि परिवहन विभाग यांनी मिळून त्या परिसरात असा एक पट्टा बांधावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण ब्रेक दाबूनच ठेवेल. शेजारी बसलेला प्रशिक्षक आरशाकडे बोट दाखवेल, फेरी पुन्हा होईल, आणि पाय आपणहून उचलला जाईपर्यंत होत राहील.