दरड कोसळल्यानंतर वस्तीच्या उतारावरील जमिनीची तपासणी

जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात पोसरे येथे वाडीवर डोंगराचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्याच अतिवृष्टीत शेजारच्या रायगड जिल्ह्यातील तळिये गावात ८० हून अधिक माणसे दगावली. कोकणातील अनेक वाड्या डोंगरउतारावर किंवा पायथ्याशी वसलेल्या आहेत. दरड पडून गेल्यावर उरलेला उतार राहण्याजोगा आहे का, याचा अंतिम निर्णय भूवैज्ञानिकांनीच द्यावयाचा असतो. तथापि जमिनीची लक्षणे शेतकरी बंधूंनाही ओळखता येतात व ती टिपून ठेवल्यास तज्ज्ञांचे काम सोपे होते.

दरड का कोसळते?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो. जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यातून पाणी चटकन खाली जाते. जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-पिवळसर मऊ चिकणमाती असते. तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही. पाणी या थरावर साचते, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि वरचा जड झालेला थर घसरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी कातळावर बसलेल्या सैल माती-दगडांच्या थरातही असेच घडते.

तपासणी कशी करावी?

पाऊस पूर्ण उघडल्यावर, महसूल खात्याची परवानगी घेऊन, दिवसाउजेडी दोघा-तिघांनी मिळून तपासणी करावी. ताज्या दरडीच्या कड्यावर किंवा खाली कोणीही जाऊ नये.

१) भेगा : उताराला आडव्या गेलेल्या भेगा सर्वांत धोकादायक समजाव्यात. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर रोज मोजावे. अंतर वाढत असल्यास उतार अजून सरकत आहे असे समजून त्याच दिवशी घर सोडावे व तहसीलदारांना कळवावे.

२) मातीचे थर : सुरक्षित भागात उताराच्या वर, मध्यावर व खाली गिरमिटाने छिद्र घेऊन प्रत्येक थराचा रंग, जाडी व खोली लिहावी. ओल्या मातीची बारीक लांब वळी न तुटता होत असेल तर ती चिकणमाती होय. वर सैल माती, खाली चिकणमाती आणि दोहोंच्या सांध्यावर पाणी असल्यास धोका संभवतो.

३) ओलावा : प्रत्येक थराचा नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात प्रयोगशाळेत न्यावा. तेथे तो १०५ अंश सेल्सिअस तापमानात २४ तास वाळवतात. १३० ग्रॅम ओली माती वाळून १०० ग्रॅम भरली तर ओल ३० टक्के. ज्या खोलीवर ओल एकदम वाढते, तेथे पाणी थबकते. नत्र, स्फुरद, पालाश दाखविणाऱ्या नेहमीच्या माती परीक्षणावरून हे कळत नाही.

४) झरे : नवा झरा फुटणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे, तसेच झाडे किंवा विजेचे खांब कलणे ही लक्षणे नोंदवावीत.

पाणी जिरवू नका, काढून द्या

शेतात आपण पाणी अडवतो व जिरवतो. घरांच्या वरच्या धोकादायक उतारावर मात्र हाच उपाय अंगलट येऊ शकतो. तेथे समपातळी चर, शेततळी व शोषखड्डे घेऊ नयेत. तज्ज्ञांच्या सल्ल्याने वरच्या बाजूस किंचित ढाळ दिलेला पक्का चर काढून पाणी वस्तीच्या बाजूने पऱ्यात सोडावे. भेगा चिकणमातीने बुजवून त्यांत पाणी जाऊ देऊ नये. मात्र भेग बुजवली म्हणजे उतार थांबला असे नव्हे. खुंट्यांची मोजणी चालूच ठेवावी.

घरासाठी, रस्त्यासाठी किंवा कलमांच्या लागवडीसाठी यंत्राने उताराचा पायथा तोडू नये. त्याने वरच्या मातीचा आधार जातो. वाळ्याची मुळे २ ते ३ मीटर खोल जातात, त्यामुळे वरची माती धरून ठेवण्यास त्याच्या आडव्या ओळी उपयुक्त ठरतात. परंतु घसरणीचा थर त्याहून खोल असल्यास केवळ लागवडीवर विसंबून राहू नये.

भेगांची मापे, थरांची नोंद व झऱ्यांच्या जागा दाखविणारा कच्चा नकाशा ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्यावा आणि भूवैज्ञानिकांकडून पाहणीची मागणी करावी. हे काम मे महिन्यापूर्वी पुरे झाल्यास, कोणत्या घरांनी पावसाळ्यात अन्यत्र राहावयाचे हे वेळीच ठरविता येईल.