डिकीतले दोन सबवूफर

गाडीत बसून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय गाडीतल्या आवाजाचा आहे.

आमच्या चिरंजीवांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि जुन्या सिडॅनच्या डिकीत, म्हणजे इथल्या ट्रंकमध्ये, एकाच्या जागी दोन सबवूफर बसवले. गाणं लावलं, तर दणका वाढायच्या ऐवजी जवळजवळ गायबच! "बाबा, नवा सबवूफर खराब निघाला." खराब काहीच नव्हतं. एका सबवूफरच्या दोन वायर उलट लागल्या होत्या. पण त्या तपासताना मला त्याहून मोठी चूक दिसली. तीही सांगतो.

आधी दणका का गेला ते बघू. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास 7 मीटर लांब असते आणि आपली डिकी जेमतेम दीड मीटर रुंद. त्यामुळे खोक्यातले दोन सबवूफर वीतभर इकडे-तिकडे असले तरी बिघडत नाही. पण एक हवा पुढे ढकलतोय आणि त्याच वेळी दुसरा मागे ओढतोय, तर दोघं एकमेकांना खोडून काढतात. ढोलपथकासारखंच आहे हे: ढोल कितीही असोत, ठोका एकत्र पडला पाहिजे.

तपासणी सोपी आहे. सबवूफरकडे जाणाऱ्या वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्यांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. दोन्ही पडदे एकाच दिशेला हलले तर जोडणी बरोबर.

आता ओहमचं गणित. 4 ओहमचे, एकेक कॉइलचे दोन सबवूफर समांतर जोडले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर अ‍ॅम्प्लिफायरला 2 ओहम दिसतात. एकामागून एक जोडले तर 8 ओहम. काही सबवूफरमध्ये दोन कॉइल असतात. 4-4 ओहमच्या दोन कॉइल असलेले दोन सबवूफर सगळेच समांतर जोडले, तर 1 ओहम होतो. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर 2 ओहमपर्यंतच चालणारा असेल तर तो तापून बंद पडेल, नाहीतर जळेल. अशा वेळी प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकामागून एक जोडा, म्हणजे 8 ओहम, आणि मग दोन सबवूफर समांतर. एकूण 4 ओहम, निर्धास्त. आणि दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर ताकद सारखी वाटली जात नाही.

खोकं कुठे ठेवायचं? सिडॅनमध्ये बहुधा पडद्याचं तोंड मागच्या दिव्यांकडे केलेलं चांगलं वाजतं. पण प्रत्येक गाडी वेगळी. एकच गाणं लावा, खोकं पुढे-मागे सरकवा आणि दर वेळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. जागा ठरली की पट्ट्यांनी घट्ट बांधा. अपघातात मोकळं, जड खोकं सीट तोडून पुढे येऊ शकतं.

आता ती मोठी चूक. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर नेली होती, पण तिच्यावर फ्यूजच नव्हता. 500 वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरला भर आवाजात साधारण 45 अँपिअर लागतात. ती वायर कुठे पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरीतली सगळी ताकद त्या एका जागी जाते आणि गाडी पेटते. अ‍ॅम्प्लिफायरजवळचा फ्यूज इथे कामाचा नाही, कारण सोललेली जागा त्याच्या अलीकडे असते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत हवा आणि वायरला पेलेल त्याहून मोठा नको. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच लावा. ग्राउंडची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळा. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टोक काढून ठेवा.

आम्ही बापलेकांनी एका शनिवारी फ्यूज बसवला, उलट्या वायर सुलट्या केल्या. दणका आला, आणि शेजारच्या खिडक्याही थरथरल्या! आवाज लगेच खाली आणला.

तुमच्या घरात असा हौशी कलाकार असेल तर ओरडण्याआधी बॉनेट उघडा आणि एवढंच विचारा, "फ्यूज कुठे आहे, दाखव." भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार!