कर्करोगोत्तर जीवन : शारीरिक व मानसिक स्वास्थ्य
(बीदर व कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात)

प्रस्तावना

कर्करोगावरील उपचार संपले की रुग्ण बरा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेथून आयुष्याचा दुसरा टप्पा सुरू होतो. रुग्णालयातून परतलेल्या माणसाला घरची माणसे प्रेमापोटी दोन गोष्टी देतात : विश्रांती आणि मौन. "काही करू नको" आणि "त्या आजाराचे नाव काढू नको" ही ती दोन वाक्ये होत. या दोन्ही गोष्टी अतिरेकाने का अपायकारक ठरतात आणि महाविद्यालयीन शिक्षक येथे काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सीमाभागाची स्थिती

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी भागात गेले. भालकी, बसवकल्याण, औराद हे कर्नाटकाकडे राहिले. रुग्ण मात्र ही सीमा पाळत नाही. त्याच्यापुढे कलबुर्गीचे किडवाई संस्थेचे उपकेंद्र, हैदराबादचे एम.एन.जे. रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय असे चार रस्ते असतात. घरची भाषा उर्दू, मराठी किंवा कन्नड. रुग्णालयाची फाईल मात्र इंग्रजीत. उपचार दूरच्या शहरी होतात आणि नंतरच्या काळजीची सूचना अनेकदा त्या फाईलमध्येच पडून राहते.

शरीर : विश्रांतीची मर्यादा

भारतीय पुरुषांत तोंडाचा व स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व किरणोपचारानंतर जबडा आखडतो, लाळ कमी होते, घास गिळणे जड जाते. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागले तर तो जबडा आखडल्याचा निकष मानतात. यावर जबड्याचे नियमित व्यायाम हाच मुख्य उपाय असून ते लवकर सुरू करावे लागतात.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यास हाताला सूज येण्याचा संभव असतो. म्हणून "त्या हाताने घागरही उचलू नको" असे बजावले जाते. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने अशा स्त्रियांची सूज वाढली नाही, असे दिसून आले.

थकवा ही सर्वांचीच तक्रार असते. हा थकवा केवळ झोपून जात नाही. पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात आणि थकवा वाढतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मते आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे, भरभर चालण्यासारखा व्यायाम केल्यास थकवा, चिंता व उदासी कमी होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३.२ टक्के. मात्र हृदय, हाडे किंवा रक्ताची तक्रार असल्यास डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

मन : मौनाचा भार

रोग उलटेल ही भीती सर्वांत चिवट असते. तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते. आपल्याकडे ती "मी चिंतेत आहे" अशा शब्दांत येत नाही. "जीव घाबरतो", "दिल बैठा जाता", "जेवण जात नाही" अशी शरीराच्या भाषेत येते. ऐकणाऱ्याने ती ओळखली पाहिजे. घरात विषयच निषिद्ध असला तर माणूस आपली भीती एकटाच वाहतो. शिवाय हा रोग स्पर्शाने, एकत्र जेवण्याने पसरतो, हा गैरसमज त्याला आणखी एकटे पाडतो. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे स्पष्टपणे सांगणे हीसुद्धा मोठी मदत होय.

विद्यार्थी आणि शिक्षक

बालपणी कर्करोगातून वाचलेली मुले आज महाविद्यालयात येतात. टाटा रुग्णालयाने अशा मुलांसाठी १९९१ मध्ये उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. कारण काही औषधांचा परिणाम हृदयावर, तर मेंदूवरील किरणोपचाराचा परिणाम स्मरणशक्तीवर व आकलनाच्या वेगावर वर्षांनंतरही दिसू शकतो. तेव्हा मागे पडणारा प्रत्येक विद्यार्थी आळशी नसतो.

शिक्षकाने पुढील गोष्टी कराव्यात :

१. विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार वर्गात उघड करू नये.
२. तपासणीसाठी झालेल्या गैरहजेरीचा विचार सहानुभूतीने व्हावा, यासाठी प्राचार्यांकडे शब्द टाकावा.
३. फाईलमधील सूचना घरच्या भाषेत समजावून द्याव्यात. औषधोपचाराचा सल्ला मात्र स्वतः देऊ नये.
४. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल निघाल्यास विलंब न करता १४४१६ या शासनाच्या विनामूल्य टेली-मानस क्रमांकाची माहिती द्यावी व डॉक्टरांकडे पाठवावे.

समारोप

सारांश, रोगातून वाचणे आणि नंतर नीट जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रुग्णालयाच्या हाती, दुसरी बहुतांशी घराच्या आणि गावाच्या हाती असते. झेपेल तेवढी हालचाल आणि मोकळे बोलणे यांना खर्च लागत नाही. तीन भाषांच्या या मुलखात एकाहून अधिक भाषा जाणणारा शिक्षक हा रुग्णालय व घर यांमधील दुवा सहज होऊ शकतो.