घरच्या संगणकाची राखण

घरच्या संगणकावरचे बहुतेक हल्ले त्या घरावर नेम धरून केलेले नसतात. हल्लेखोराचा प्रोग्रॅम इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपत जातो आणि न बुजवलेली त्रुटी सापडली की आत शिरतो. संगणक करजणच्या घरातला आहे की लंडनच्या इस्पितळातला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम असाच सुमारे दीडशे देशांत पसरला. फायली कुलूपबंद करून तो ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागत असे. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरत होता, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो ‘नंतर करू’ म्हणून टाळला, ते सापडले.

म्हणून अपडेटचे स्थान अँटिव्हायरसच्याही आधी. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या आवृत्तीवर चालणारा संगणक दिसायला ठणठणीत असला, तरी मुदतवाढीची योजना घेतली नसेल तर नव्या त्रुटींना त्याच्याकडे उत्तर नाही. ब्राउझर आणि वायफायचा राउटर यांनाही अपडेट लागतात. राउटरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच राहतो.

अँटिव्हायरसचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणारे संगणक फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. तेव्हा ओळखीच्या व्हायरसची खूण फायलीत शोधणे एवढे बहुतांशी पुरत असे. आता रोज नवी रूपे निघतात, त्यामुळे प्रोग्रॅम वागतो कसा यावरही नजर ठेवावी लागते. विंडोजमध्ये आलेला डिफेंडर सामान्य घराला पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवले तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

पण माणसाने स्वतः परवानगी दिली तर कोणताही अँटिव्हायरस हतबल होतो. महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळावे म्हणून उतरवलेला ‘क्रॅक’ अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. एवढ्यावरूनच शंका यायला हवी. बिल म्हणून आलेल्या फायलीच्या नावात पीडीएफ दिसले, तरी शेवटी ईएक्सई दडलेले असू शकते, कारण विंडोज हे शेवटचे अक्षरगट सहसा लपवते. ते दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ ही पडद्यावरची पाटी तर निव्वळ सापळा. फोन उचलणारा एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला सांगतो आणि संगणकाचा ताबा मिळवतो. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेले खाते वापरले, तर चुकीच्या क्लिकचे नुकसान आटोक्यात राहते.

एवढे सांभाळूनही कधी घाला पडतोच. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याचा उगम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका विश्वासार्ह सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता, आणि खंडणी भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. अशा वेळी कामी येते ती दुसरी प्रत. फोटो, दाखले, हिशेब वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली असली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. वर्षातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाईल उघडूनही पाहावी.

संगणक बाधित वाटला तर आधी इंटरनेट तोडावे. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत, ईमेलपासून सुरुवात करून, आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट व्हावे. ब्राउझरमधून चोरलेल्या कुकीजच्या आधारे चोर पासवर्डशिवायही आत राहू शकतो. बाधा काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा, कारण चोराने रक्कम काढून घेण्यापूर्वीच ती गोठवता येते.