आजोबांचा जन्म कुठे झाला?

आमच्या परतुरात 2023 सालानंतर आजोबा-पणजोबांना जेवढे महत्त्व आले, तेवढे त्यांच्या हयातीतही कधी आले नसेल. आमच्याच जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले, त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, गाव नमुना चौदाचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, 1951 चे नागरिकांचे रजिस्टर अशी नावे चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अचानक मान आला. पणजोबांच्या नावापुढे कुणा कारकुनाने एक शब्द लिहिला होता की नाही, यावर पणतूचे शिक्षण आणि नोकरी ठरणार!

त्या दिवसांत म्हापशाचे माझे एक जुने स्नेही चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होते. तहसील कचेरीतली गर्दी पाहून ते म्हणाले, "मास्तर, आमच्याकडेही हेच चालतं हो. तुमच्या लोकांचा कागद जालन्याला जातो, आमच्या लोकांचा लिस्बनला." त्यांच्या थोरल्या मुलाने आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवले आहे. धाकटा अजून निर्णय करू शकलेला नाही. दोन भावांत त्यावरून अबोला आहे, हे त्यांनी जाताजाता सांगितले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

गोव्याची ही गोष्ट मुळातून समजून घ्यायला हवी. 1510 पासून 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. सालाझारच्या काळात, 1951 मध्ये, पोर्तुगालने आपल्या वसाहतींना कागदोपत्री 'सागरापलीकडील प्रांत' ठरवले. तिथे जन्मलेला माणूस त्यांच्या लेखी पोर्तुगीज नागरिकच होता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. मार्च 1962 च्या आदेशाने भारत सरकारने गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना भारतीय नागरिक मानले. जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवायचे होते. पोर्तुगालने मात्र ही मुक्ती मानलीच नाही. लिस्बनमध्ये एप्रिल 1974 ची क्रांती झाली, हुकूमशाही गेली, मग 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत करार होऊन गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य झाले. पण माणसांवरचा हक्क पोर्तुगालने तसाच राहू दिला. 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्याने आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती कार्यालयात नोंदवला, तर तो पोर्तुगीज. त्याच्या पाठोपाठ मुले आणि नातवंडेही नोंद करू शकतात. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि या जुन्या दाखल्याला एकदम भाव आला. ज्या देशात जायची फारशी कुणाला ओढ नव्हती, त्याच्या पासपोर्टवर सबंध युरोप खुला झाला.

आता आपल्याकडे पाहू. आमचे परतूर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. माझे आजोबा निजामाची रयत. या राज्यातही स्थानिक कोण, परका कोण याचा कागद होता; त्याला 'मुल्की' म्हणत आणि सरकारी नोकरी त्यावर मिळे. समुद्र नसलेल्या या राज्याने गोव्यातले मुरगाव बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगालशी संधान बांधायची खटपट केली होती, ही तर विसरलेलीच गोष्ट. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे घरच राहिले नाही, मग दार कोण उघडणार? पुण्या-साताऱ्यातले आजोबा इंग्रजांचे प्रजाजन होते. इंग्रजांनी 1962 च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या येण्यावर बंधने घातली आणि पुढे ती आणखी आवळली. पाँडिचेरीत फ्रेंचांनी सहा महिन्यांची मुदत देऊन प्रत्येकाला एकदाच विचारले. पोर्तुगालचे दार तेवढे उघडे राहिले. या चौघा आजोबांच्या कर्तृत्वात काही फरक नव्हता. फरक होता तो राज्यकर्ता कोण आणि तो कसा गेला, एवढाच.

सावंतवाडी-पेडण्याच्या भागात तर हा योगायोग फारच जवळून दिसतो. मधे तेरेखोलची नदी. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. सासर सावंतवाडीत आणि माहेर पेडण्यात असेल, तर 1961 पूर्वीचे थोरले मूल पोर्तुगीज हद्दीत जन्मलेले आणि धाकटे भारतात. एकाच आईची लेकरे, पण एकाच्या नातवंडांना युरोपची वाट आणि दुसऱ्याच्या नातवंडांना मुंबईची!

कागद मिळवणेही सोपे नाही. आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचे लग्न, मग वडिलांचा जन्म, मग स्वतःचा, अशी साखळी जुळावी लागते. पोर्तुगीजांनी नोंदी चोख ठेवल्या, पण आपल्या लिपीत आणि आपल्या उच्चारांत. परबाचा 'पोरोबो' झाला, कामतांचे 'कामोतीं', आणि 'श'साठी एक्स अक्षर वापरल्यामुळे शंकर आणि विष्णू ओळखू येईनासे झाले. मुक्तीनंतर तीच नावे इंग्रजी पद्धतीने लिहिली गेली. मग आजोबा आणि वडील यांचे आडनावच जुळत नाही. आमच्याकडे उर्दूतली नोंद मराठीत आणताना जे होते, तेच हे. आणि जिथे कागदाला किंमत आली तिथे दलालही आलेच.

मिळते काय? मुख्यतः काम. गोवेकर पोर्तुगालचा पासपोर्ट घेतात, पण बहुतेकांचा मुक्काम इंग्लंडात, स्विंडन किंवा साउथॉलला पडला. दीवचे लोक लेस्टरला गेले. गोदाम, कारखाना, विमानतळ, इस्पितळ अशी कामे. गोव्याचा माणूस पूर्वीपासून बाहेर पडणारा. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत राहून बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या तारवटींची परंपरा जुनीच आहे. मात्र 2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला आणि 2020 च्या अखेरीस हा मार्ग बंद झाला. आधी पोचले ते राहिले; उशिरा कागद मिळालेल्यांना पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनीकडे वळावे लागले. इटलीचेही पाहा. तिथे पूर्वजांच्या नात्याला पिढ्यांची मर्यादा नव्हती. 2025 मध्ये ती आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आणली गेली. दार उघडे असले तरी कडी आतल्या माणसाच्या हाती असते.

आणि जाते काय? भारताचे नागरिकत्व. आपला 1955 चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे स्वेच्छेने घेतले की इथले संपते. मग मत नाही, सरकारी नोकरी नाही. ओसीआय कार्डावर येता-जाता, राहता येते. पण शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांनी भारतीय पासपोर्ट वेळेत परत केला नाही, त्यांचे पासपोर्ट रद्द झाले आणि परत केल्याचा दाखला नसल्याने ओसीआयही अडले. 2024 मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेश दाखल्याऐवजी चालेल असे ठरवले, तेव्हा कुठे अनेक घरांचा जीव भांड्यात पडला.

अशा लोकांना काहीजण सरळ देशद्रोही म्हणतात. ज्या गोव्यासाठी सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, तिथली नातवंडे पोर्तुगालच्या दारात उभी राहतात याचे दुःख मला समजते. पण आमच्या तालुक्यातून ऊस तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, पुण्याच्या कारखान्यांत पोरे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या हाती आजोबांचा असा दाखला असता, तर किती जण थांबले असते? पोटासाठी गाव सोडणाऱ्याला निष्ठेची परीक्षा घालणे सोपे असते. गावात काम देणे अवघड असते.

दुसऱ्या टोकाला जाऊन हा आपला रक्ताचा हक्क आहे असे म्हणणेही मला पटत नाही. रक्त तपासून कुणी पासपोर्ट देत नाही. एका राज्याने आपल्या सोयीसाठी ठेवलेली ती नोंद, आणि दुसऱ्या काळात तिला आलेली ती किंमत. ती घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; पण घेताना दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा. कारण आजोबांनी ठरवून कुठे जन्म घेतला नव्हता. नातू मात्र ठरवून सही करतो, आणि त्या सहीचा अर्थ त्याच्या मुलांना पुढे पन्नास वर्षे पुरतो.