खालच्या पट्टीतली गिटार

इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत जाड, सहावी तार सहसा ज्या स्वरात लावतात तो हार्मोनियमवर पांढरी तीन दाबल्यावर सापडतो. १९७१ साली आलेल्या ब्लॅक सॅबाथ या बँडच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत मात्र ही तार काळी एकवर उतरलेली ऐकू येते, आणि उरलेल्या पाचही तारा तिच्याबरोबर तीन पट्ट्या खाली आलेल्या असतात. त्या काळच्या रॉक संगीतात इतका जड, काळोखा आवाज नवा होता.

त्यामागे एक अपघात होता. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्याच दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका उजवाच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं. बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून बँजोच्या तारा गिटारला लावल्या. पुढे त्या तारा सैल करून खाली उतरवल्या, तेव्हा बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला वजन आलं. आयोमीला तारेचा सैलपणा हवाच होता. त्याच्या मागून आलेल्या मेटल वादकांना खालचा स्वर हवा होता, पण सैल तार नको होती, कारण त्यांचे फटकारे जोरकस आणि वेगवान. गिटारमध्ये करावे लागणारे सगळे बदल या पेचातून जन्मले आहेत.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी. सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन याने हे नाते सूत्रात बांधले. मिरजेच्या तंबोऱ्यांतही तेच दिसतं. पुरुष गायकाचा तंबोरा लांब आणि जाड तारांचा, तर काळी चार-पाचच्या आसपास गाणाऱ्या गायिकेचा आखूड आणि बारीक तारांचा. गिटारवादक मात्र गिटार तीच ठेवतो आणि फक्त खुंट्या सोडतो. मग लांबी तीच, जाडी तीच, सगळा भार ताणावर येतो.

हा ताण अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने घटतो. पांढरी तीनला सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते, ०.०४६ इंच जाडीच्या नेहमीच्या तारेत तेव्हा साधारण ८ किलोंचा ताण असतो. तीच तार पांढरी एकपर्यंत, म्हणजे ६५ कंपनांपर्यंत उतरवली की ताण ५ किलोंवर येतो. आणखी एक पट्टी खाली, पांढरी सातला, तो साडेचारच्या जवळ जातो. अशी तार आडवी फार डोलते, गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, आपटून खरखरते, आणि जोरात छेडली की क्षणभर चढी वाजून मग स्वरावर येते. दोन गिटार एकत्र वाजत असतील तर तो क्षणभराचा बेसूरही कानाला टोचतो.

यावर पहिला उपाय जाड तारांचा. जुना ताण कायम ठेवायचा तर पांढरी एकसाठी सहावी तार सुमारे ०.०५८ इंचांची लागते, पांढरी सातसाठी ०.०६२ च्या आसपास. संच बदलणं स्वस्त आहे, पण जाड तार घातली की गिटारचे बाकीचे भाग एकेक करून तक्रार करू लागतात.

सुरुवात नटपासून होते. गळ्याच्या वरच्या टोकाशी, खुंट्यांच्या अलीकडे असलेल्या या पट्टीच्या खाचा जुन्या तारांच्या मापाने कापलेल्या असतात. जाड तार त्यांत बसत नाही, उंच राहते, आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे स्वर चढे येतात. सूर लावताना ती खाचेत अडकून एकदम टचकन सुटते. खाच कानशीने रुंद करता येते, पण रुंद झालेली खाच परत अरुंद होत नाही. म्हणून जुना नट जपून ठेवावा आणि नव्या तारांसाठी दुसरा बसवून घ्यावा, हेच शहाणपणाचं.

मग गळा. सहा तारांचा एकूण ताण पंचेचाळीस किलोंच्या घरात असतो आणि त्याला तोलून धरायला गळ्याच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ताण बदलला की हा तोल बिघडतो. कमी झाला तर गळा मागे वाकतो आणि तारा फ्रेटना चिकटतात. वाढला तर पुढे वाकतो आणि तारा उंच जातात. सळई पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नये. फिरवल्यावर लाकडाला स्थिरावायला वेळ द्यावा. घाईत दिलेला एक जोराचा पीळ गळा कायमचा खराब करू शकतो.

तारांच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर, प्रत्येक तारेखाली सरकणारं सॅडल असतं. जाड तार अधिक ताठ असते, म्हणून तिचं सॅडल मागे न्यावं लागतं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत हे चालतं. ज्यांचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो त्यांचं काम मात्र दुप्पट. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. एका बाजूचं बळ बदललं की ब्रिज कलतो आणि सहाही तारांचे सूर एकदम हलतात. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलणाऱ्याने पक्का बसवलेला ब्रिजच घ्यावा.

तारांची कंपनं टिपणारा पिकअप बदलण्याची हौस अनेकांना सर्वांत आधी होते. खरं तर तो सर्वांत शेवटचा खर्च. खालच्या स्वरांत डिस्टॉर्शन मिसळलं की चिखल होतो, आणि तो अनेकदा अ‍ॅम्पवरचा बास कमी करून व जाड तारांच्या बाजूने पिकअप थोडा खाली घेऊनच निवळतो.

पांढरी सातच्याही खाली जायचं असेल तर तारेची लांबी वाढवणंच बरं. फेंडरच्या बहुतेक गिटारवर ती २५.५ इंच असते, गिब्सनवर पाऊण इंच कमी. बॅरिटोन गिटारवर २७ ते ३० इंच. २७ इंचांवर तीच तार त्याच स्वरात सुमारे १२ टक्के अधिक ताणली जाते. डॅनइलेक्ट्रोने अशी लांब, सहा तारांची खर्जातली गिटार १९५६ मध्येच विकायला काढली होती. दुसरा रस्ता सातव्या तारेचा. १९९० मध्ये आयबानेझने गिटारवादक स्टीव्ह वाय याच्यासोबत सात तारांची ‘युनिव्हर्स’ गिटार आणली. चार वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या कॉर्न या बँडने आपल्या पहिल्या अल्बममध्ये ती सातवी तारही पांढरी सहापर्यंत खाली उतरवली.