शाळेच्या मंडळांची कीर्द

शाळेत मंडळे किती, असे विचारले तर मुख्याध्यापक बोटांवर मोजून सांगतात. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय हरित सेना, स्काऊट-गाइड, चित्रकला, क्रीडा, मीना-राजू मंच. परंतु आठवीतील अमुक मुलगी यांपैकी कशाकशात आहे, गेल्या वर्षी होती काय, तिने किती कार्यक्रमांना हजेरी लावली, असा पुढचा प्रश्न आला की कपाटे उघडावी लागतात. प्रत्येक मंडळाचे रजिस्टर निराळे, ते सांभाळणारे शिक्षक निराळे, आणि त्या शिक्षकांची बदली झालेली असेल तर रजिस्टरचा ठावठिकाणाही निराळाच.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या ‘अ’ प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांच्या तासिकांपैकी ७५ टक्के उपस्थिती लागते. शासकीय रेखाकला परीक्षा, क्रीडा, लोककला यांच्यासाठी दहावीला वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो आणि प्रस्तावाला नोंदीचा आधार लागतो. मूल मैदानावर उभे राहिले, घाम गाळला, आणि नोंद मात्र सापडली नाही, तर त्याचे गुण बुडाले. उधारी वसूल होण्याजोगी असूनही वही हरवल्यामुळे ती बुडावी, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे नुकसान पेढीचे नसून पंधरा वर्षांच्या मुलाचे असते.

कडेगाव तालुक्यात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. वांगीच्या सोनहिरा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे येतात आणि त्यांच्यासोबत मुलेही येतात. चार-पाच महिने ती जवळच्या शाळेत बसतात आणि हंगाम संपताच परततात. अशा स्थलांतरित मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्डाची पद्धत आणली. परंतु त्या चार महिन्यांत एखाद्या मुलाने विज्ञान मंडळात प्रयोग मांडला असेल, तर ती गोष्ट त्याच्याबरोबर गावी जात नाही. रजिस्टरात त्याच्या नावावर एक आडवी रेघ ओढली जाते, एवढेच.

हे सारे संगणकावर घ्यावे, असे आता प्रत्येक संस्थेत बोलले जाते. मग कोणी दानशूर व्यापारी संगणक देतो, एखादे उत्साही शिक्षक एक्सेलमध्ये यादी करतात. नाव, इयत्ता, फोन, मंडळ १, मंडळ २, मंडळ ३. वर्षभर बरे चालते. मग चौथ्या मंडळात जाणारा विद्यार्थी निघतो आणि त्याच्यासाठी रकाना नसतो. हरित सेनेच्या शिक्षकांकडे त्याच यादीची जुनी प्रत असते, तीत आईचा जुना फोन क्रमांक असतो. सागरेश्वर अभयारण्याच्या सहलीच्या दिवशी बस देवराष्ट्र्यापर्यंत पोहोचते आणि घरी निरोप द्यायची वेळ आली की तोच जुना क्रमांक वाजत राहतो.

येथे दोष संगणकाचा नाही, मांडणीचा आहे. आणि मांडणीचा विषय निघाला की व्यापारी घरांनी संकोच करण्याचे कारण नाही. ही विद्या त्यांच्या घरची आहे.

आपल्याकडे कच्ची नोंद, कीर्द आणि खतावणी अशी परंपरा आहे. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली याने हिशेबपद्धतीवर लिहिले, तेव्हा त्यानेही तीनच वह्या सांगितल्या. घडलेला व्यवहार तारखेनुसार कीर्दीत एकदा लिहायचा, आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. व्यवहार हे सत्य, खाते हे त्याचे एका बाजूने घेतलेले दर्शन. हीच दृष्टी १९७० साली एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने संगणकाच्या माहितीला लावली. तो अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत होता. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी लिहावी, आणि हवे ते दर्शन विचारता क्षणी तक्ते जोडून काढावे, असे त्याचे थोडक्यात म्हणणे होते. या कामासाठी १९८१ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत बहुतेक सर्व डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. कीर्दीतून खतावणीत नेताना हाताने उतरवून घ्यावे लागे, म्हणून चूक होई आणि तेरीज जुळेपर्यंत मुनीमजींना रात्री जागवे लागे. डेटाबेसात खतावणी लिहावीच लागत नाही. ज्या घरांत टॅलीवर काम चालते तेथे हे रोज दिसते: व्हाउचर एकदा भरले की खाते आपोआप तयार.

मग शाळेच्या मंडळांची कीर्द कशी मांडावी?

पहिला तक्ता विद्यार्थ्यांचा. त्यात विद्यार्थ्याचे असे तेवढेच असावे, म्हणजे नाव, जन्मतारीख, पालकांचा संपर्क. इयत्ता येथे लिहू नये. ती दर जूनमध्ये बदलते आणि बदलली की गेल्या वर्षीची पुसली जाते. कोणत्या वर्षी कोण कोणत्या तुकडीत होता, याचा तक्ता वेगळा हवा. दुसरा तक्ता मंडळांचा. आणि या दोहोंच्या मध्ये ज्याच्यावर सारे अवलंबून आहे तो तिसरा, सदस्यत्वाचा. एका विद्यार्थ्याची अनेक मंडळे, एका मंडळाचे अनेक विद्यार्थी, हे नाते कोणत्याही एका तक्त्यात नीट बसत नाही. त्याला स्वतःची कीर्द लागते: कोणता विद्यार्थी, कोणते मंडळ, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या जबाबदारीने. एका सदस्यत्वाची एक ओळ. चौथे काय, सातवे मंडळ घेतले तरी रकाना वाढत नाही, ओळ वाढते.

ऊसतोड कामगाराच्या मुलाचा प्रश्नही येथेच सुटतो. तो गेला म्हणून त्याचे नाव खोडायचे नाही. ‘पर्यंत’ या रकान्यात तारीख भरायची. पुढल्या हंगामात तो परत आला तर नवी ओळ. पेढीवर चुकीची नोंद खरवडून काढीत नाहीत, उलट नोंद करतात. तो दंडक येथे जसाच्या तसा लागू आहे.

त्याखाली दोन तक्ते आणखी: कार्यक्रमांचा आणि उपस्थितीचा. सहलीची वर्गणी किंवा गणवेशाचे पैसे असतील तर त्यांची नोंद पावती क्रमांकासह अगदी स्वतंत्र ठेवावी. पैसे भरले म्हणजे मूल हजर होते, असे समजण्याची चूक कागदावरही होते आणि संगणकावर तर ती अधिक वेगाने होते.

विद्यार्थी ओळखायचा कसा, हा भाग किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त यंत्रणा येथेच अडखळतात. पाटील, कदम, मोहिते, देशमुख या आडनावांच्या गर्दीत एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असणे नवलाचे नाही. तेव्हा नाव ही ओळख धरू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक हा सर्वांत जवळचा आणि विश्वासाचा आधार आहे, कारण दाखला त्यावरूनच निघतो. शिवाय नावे युनिकोडमध्येच टंकित करावीत. जुन्या श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव टंकांत भरलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो आणि शोध घेता येत नाही.

महाराष्ट्राने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, कारण एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये. पटावरची लक्षावधी नावे वर्गात नव्हतीच, असे त्यातून उघड झाले. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटावर ठरते, म्हणून पट फुगवला गेला होता. व्यापाराच्या भाषेत ही खोटी जमा. त्यानंतर २०१५ मध्ये ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आली. प्रत्येक विद्यार्थ्याला १९ अंकी क्रमांक मिळाला. माहिती एकदा भरा, पुन्हा पुन्हा मागणार नाही, ही कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात सर्व्हर संथ चालत, दिवसा पान उघडत नसे, म्हणून शिक्षक रात्री बसून माहिती भरीत आणि संघटना शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांविरुद्ध आवाज उठवीत. आजही शिक्षकांसमोर ‘डेटाबेस’ हा शब्द उच्चारला की त्यांच्या कपाळावर आठी पडते, ती उगाच नाही.

मला वाटते, ‘सरल’पासून लहान शाळेने घ्यावयाची गोष्ट एकच: जो भरतो त्याला तेथल्या तेथे काही परत मिळाले पाहिजे. हरित सेनेच्या शिक्षकांनी दहा मिनिटे हजेरी भरली तर सहलीची यादी, पालकांचे दूरध्वनी आणि वर्षअखेरचा अहवाल त्यांना एका कळीवर मिळावा. नाहीतर तेही आणखी एक रजिस्टरच ठरेल, फक्त विजेवर चालणारे.

खर्चाची चिंता फारशी नाही. सहाशे-सातशे विद्यार्थ्यांच्या शाळेला एसक्यूलाइट पुरते. ते मोफत आहे आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. पडद्यावरचे अर्ज आणि याद्या लिब्रेऑफिसमधील बेस या मोफत प्रणालीत करता येतात, आणि त्या मराठीतच कराव्यात. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. दर शनिवारी फाइलच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, दुसरी शाळेच्या इमारतीबाहेर. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे न वटवलेल्या धनादेशाला रोकड समजणे होय.

काय भरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आधार क्रमांक, जात, घरची मिळकत यांचा चित्रकला मंडळाशी संबंध काय? संबंध नसेल तर रकानाच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे तत्त्व आहे. मुलींचे फोटो आणि दूरध्वनी क्रमांक असलेली यादी व्हॉट्सॲपवर फिरू लागली की ती परत बोलावता येत नाही. मंडळप्रमुख शिक्षकाला फक्त आपल्या मंडळाची नावे दिसावीत, विद्यार्थी प्रतिनिधीला दूरध्वनी क्रमांक दिसूच नयेत. पेढीवर गल्ल्याची किल्ली कोणाकडे असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

आपल्या अनेक घरांतील मंडळी शाळांच्या समित्यांवर आहेत, देणग्याही देतात. परंतु शाळेला नवा संगणक देण्यापेक्षा आपल्या दुकानात टॅली सांभाळणाऱ्या मुलाला किंवा सुनेला दोन रविवार शाळेत पाठवणे अधिक उपयोगाचे ठरेल. खाते कशाला म्हणतात, एका व्यवहाराची एकच नोंद का, वर्षअखेर खाती पुढे कशी ओढायची, हे त्यांना शिकवावे लागत नाही. शिक्षकांना मुले ठाऊक असतात, यांना वह्या ठाऊक असतात. मात्र सारे एकाच हुशार माणसाच्या डोक्यात राहू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, मुलगा पुण्याला नोकरीला जातो. म्हणून कोणता तक्ता कशासाठी, पासवर्ड कोणाकडे, प्रत कशी घ्यायची, हे दोन पानांत मराठीत लिहून कपाटात ठेवावे.

आरंभ एकाच मंडळापासून करावा. राष्ट्रीय हरित सेना त्यासाठी सोयीची आहे. ही योजना २००१-०२ मध्ये सुरू झाली, एका शाळेतील मंडळ साधारण तीस ते पन्नास विद्यार्थ्यांचे असते आणि वृक्षारोपणासारखे कार्यक्रम तारीखवार नोंदवता येतात. प्रथम दहा मुलांची नावे भरावीत आणि यंत्रणेला तीन प्रश्न विचारावेत. या मुलीने दोन वर्षांत काय काय केले? उद्याच्या सहलीला कोणाच्या पालकांची संमती अजून आलेली नाही? आणि मार्चमध्ये गावी परतलेला मुलगा येथे असताना कोणत्या मंडळात होता? तिन्हींची उत्तरे आली तर अकरावे नाव भरावे. न आली तर आधी तक्ते दुरुस्त करावेत.